जुन्या गाडीत बसवलेला नकाशा

गाडी माझ्या नवऱ्याची. पांढरी, लहान, बोनेटच्या एका बाजूचा रंग उडालेली. ते गेल्यावर धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या घरापुढे पत्र्याच्या शेडखाली ती नुसती उभी होती आणि टायरमधली हवा हळूहळू बसत चालली होती. मुलगा पुण्याहून फोनवर सांगायचा, भंगारात देऊन टाक, उगीच जागा अडवते. मुलगी नाशिकला असते, तिचंही तेच म्हणणं. मी त्याच वर्षी सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर रिक्षा, एसटी आणि नवऱ्याच्या शेजारची सीट, एवढाच माझा प्रवास. एक दिवस मी उठले आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घालून आले. गल्लीतल्या बायका हसल्या. मलाही सुरुवातीला हसूच येत होतं. पण परवाना हातात पडला, गाडीची बॅटरी बदलली, टायर नवे टाकले, आणि एका सकाळी मी एकटी गाडी घेऊन पांझरेचा पूल ओलांडून शहरात गेले, भाजी घेतली आणि परत आले. त्या दिवशी मला जे वाटलं, ते मी मुलांना सांगितलं नाही. त्यांना ते साधंच वाटलं असतं.

गाडी चालवायला शिकण्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते कारण म्हणजे अक्का.

अक्का माझी दवाखान्यातली मैत्रीण. माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी अक्का म्हणायचे. पुढे सगळा वॉर्डच तिला अक्का म्हणायला लागला. ती दोंडाईचाकडच्या शेतकरी घरातली. लग्न केलं नाही. भावाचा मोठा संसार होता, त्याच्या मुलांची दुखणीखुपणी, शाळा-कॉलेजं सगळं तिने पाहिलं, पण राहायची मात्र कायम स्वतःच्या खोलीत. तिच्या हाताला वॉर्डात तोड नव्हती. वाळून गेलेल्या बाळाच्या हातात शीर सापडत नाही म्हणून डॉक्टर थांबले, की अक्काला बोलावायचे. ती बाळाच्या मनगटावर अंगठा फिरवायची, दिव्याकडे बघितल्यासारखी क्षणभर वर बघायची, आणि सुई आत गेलेली असायची. माझा मुलगा लहानपणी विषमज्वराने आजारी पडला, तेव्हा माझी ड्यूटी संपली की तिची सुरू व्हायची, अशी आम्ही दोघींनी त्याच्या उशाशी पाळी लावली होती. तो तिला मावशी म्हणायचा.

निवृत्त झाल्यावर अक्का फैजपूरला गेली. नोकरीची पहिली वर्षं तिने त्याच भागात काढली होती आणि तिथली माणसं तिला अजून ओळखत होती. एका खाजगी दवाखान्यात थोडंफार काम धरलं, केळीच्या बागांच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ओट्यावर बसलं की केळीचे घड भरलेल्या गाड्या जाताना दिसायच्या. मी एसटीने एकदा तिच्याकडे गेले तेव्हा तिने चहा केला आणि कप माझ्यापुढे ठेवताना बशीत सांडला. मी बशीतला चहा पुन्हा कपात ओतला. दुसऱ्या वेळी तिचा उजवा अंगठा बोटाशी सारखा घासत होता, जणू चिमटीत काही बारीक मळत असावी. आम्ही दोघींनी तसे कितीतरी पेशंट पाहिले होते. तिला काय झालंय ते तिलाही कळलं होतं आणि मलाही.

जळगावच्या डॉक्टरांनी तपासून कंपवातच सांगितला. औषधं सुरू झाली. खाजगी दवाखान्यातलं काम तिने स्वतःहून सोडलं. भावाला मात्र काही कळवलं नाही. मी तिला एकदाच म्हटलं की घरी सांगायला हवं, आज ना उद्या लागणारच आहे. ती ओट्यावर बसली होती. तिने दुसऱ्या हाताने तो थरथरणारा हात मांडीवर दाबून धरला आणि आपल्या बोलीत म्हणाली, "दोंडाईचाले गऊ का मी पेशंट व्हई जासू. आठे मी सिस्टर शे."

दोंडाईचाला गेली की ती पेशंट, इथे अजून सिस्टर. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले एकलीले माहीत शे. कोनले सांगू नको."

मी तिला शब्द दिला. मुलांनाही सांगितलं नाही. कारण मुलांना सांगितलेलं फार दिवस एका घरात राहत नाही, हे मला ठाऊक होतं.

तेव्हापासून दर पंधरवड्याला मी धुळ्याहून निघायचे. पारोळा, एरंडोल, जळगाव, मग भुसावळवरून तापीचा पूल ओलांडून फैजपूर. कधी अक्काला घेऊन परत जळगावला डॉक्टरांकडे, कधी नुसतं तिच्याकडे बसून गप्पा. दोन दिवस राहायचे आणि परतायचे. मुलांना सांगायचे की जळगावला चुलत बहिणीकडे जाते, तिथल्या विहारातल्या बायकांबरोबर बरं वाटतं. हे अर्धं खरं होतं. जाता-येता मी त्या बहिणीकडे चहाला थांबायचेच.

रस्ता चौपदरी झाल्यापासून माझी मात्र पंचाईत होऊ लागली. गावं बाजूला पडली, वळणरस्ते झाले, पुलाखालून कुठे शिरायचं आणि सर्व्हिस रोडला कुठे उतरायचं, काही कळेना. एकदा पारोळ्याला चहासाठी उतरायचं म्हणून मी चुकीच्या फाट्याने खाली आले आणि बराच वेळ शेतांमधून फिरत राहिले. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने रस्ता दाखवला. घरी आल्यावर हा किस्सा मी मुलाला फोनवर हसत हसत सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, हे थांबवायला पाहिजे. मला वाटलं, आता म्हणेल गाडी सोड. पण पुढच्या महिन्यात तो सुटी काढून आला, आणि म्हणाला की गाडीत नेव्हिगेशन बसवून देतो, मोठा स्क्रीन, मराठीत बोलेल, तुला फोन मांडीवर घेऊन बघायला नको.

मला काय वाटलं ते आता सांगताना जीभ जड होते. मला भरून आलं. नवरा गेल्यावर गाडी विक म्हणणारा हा मुलगा आज त्याच गाडीत माझ्यासाठी काहीतरी बसवायला दिवस घालवतोय, याचा मला अभिमान वाटला. मी शेजारणीला मुद्दाम थांबवून सांगितलं.

गाडीच्या सामानाचं दुकान पारोळा रोडवर आहे. दुकानदार तिशी ओलांडलेला, शांत माणूस. त्याने गाडी बघून आधी नकार दिला. म्हणाला, जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये कॅसेट प्लेअरएवढी चिंचोळी जागा असते, नवा स्क्रीन त्यात बसत नाही, खालचं प्लास्टिक कापावं लागेल, आणि जुन्या वायरींना हात लावला की त्या तुटतात. मुलगा म्हणाला, कापा. मी बाकड्यावर बसून बघत होते. नवऱ्याचा कॅसेट प्लेअर बाहेर काढला, तेव्हा त्याच्या मागे धुळीचा थर, एक सेफ्टी पिन आणि शेंगदाण्याचं टरफल निघालं. मग पातळ करवतीने डॅशबोर्डचं तोंड मोठं केलं, काळी चौकट बसवली, जुन्या वायरी सोलून नव्या जोडल्या, फ्यूजच्या डबीतून वेगळी तार ओढली, अँटेना काचेच्या खाली चिकटवला. मागे पाहण्यासाठी नंबरप्लेटच्या वर एक छोटा कॅमेराही बसवला. मध्येच मुलाने दुकानदाराला बाजूला नेऊन काही सांगितलं. मला वाटलं, भाव करत असेल. दुपारी ऊन चढलं, तसा मुलाने माझ्यासाठी उसाचा रस आणला आणि म्हणाला, आई, तू घरी जा, मी गाडी घेऊन येतो. मी म्हटलं, बसते की. तो म्हणाला, अजून वेळ आहे, उन्हात कशाला. मी रिक्षाने घरी आले आणि त्याच्या आवडीची शेवभाजी करायला घेतली.

संध्याकाळी त्याने मला शेजारी बसवून सगळं शिकवलं. घर कसं साठवायचं, ठिकाण कसं बोलून सांगायचं, रस्ता चुकला तर काय होतं. साक्री रोडला एक फेरी मारली. स्क्रीनमधली बाई फार सभ्यपणे बोलायची, फक्त गावांची नावं तिला नीट येत नव्हती. मी चुकीकडे वळले तरी ती रागवायची नाही, पुन्हा नव्याने रस्ता सांगायची. मी मुलाला म्हटलं की तुझे पप्पा शेजारी बसून असे सांगत असते तर मी आधीच शिकले असते. तो हसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतरचे काही महिने मला सोन्याचे गेले. पारोळ्याचा फाटा चुकेना, जळगावातल्या गर्दीतून डॉक्टरांच्या गल्लीत मी सरळ जाऊ लागले. अक्का शेजारी बसायची आणि स्क्रीनमधल्या बाईला आपल्या बोलीत उत्तरं द्यायची. औषधांनी तिला चांगला उतार पडला होता. स्वयंपाकाला एक बाई लावली होती, घरमालकीणही माया करणारी होती. आजूबाजूच्या बायका अजूनही अक्काकडे रक्तदाब मोजून घ्यायला यायच्या. पट्टा त्या स्वतःच गुंडाळायच्या, आकडा अक्का वाचायची.

एक गोष्ट मात्र मला खटकली होती, आणि मी ती मनातून काढून टाकली. पाळधीच्या पुढे टायर पंक्चर झाला होता. मी गाडी कडेला घेऊन झाडाखाली उभी होते आणि सुनेचा फोन आला. मी हॅलो म्हटलं, तोच तिने विचारलं की आई, रस्त्यात का थांबलात, बरं वाटतंय ना? मी म्हटलं, थांबले हे तुला कसं कळलं? ती घाईघाईने म्हणाली, मागे गाड्यांचा आवाज येतोय ना, म्हणून. मला ते पटलं. सुनेला माझी काळजी आहे याचं बरंही वाटलं. चोवीस तास पेशंटच्या चेहऱ्यावरून ताप ओळखणाऱ्या बाईला आपल्या घरातलं ओळखता आलं नाही.

मग तो मंगळवार आला. मी केळ्याचे वेफर्स आणि अक्काच्या औषधांची पिशवी घेऊन तिच्या ओट्यापाशी गाडी लावली, तर दाराला कुलूप. खिडक्या आतून बंद. ओट्यावरची तिची खुर्ची नव्हती. घरमालकीण धावत बाहेर आली. तिला वाटलं होतं की मला सगळं माहीत असेल. तिने सांगितलं की आदल्या शनिवारी अक्काचे भाऊ दोन पुतण्यांना घेऊन मोठी गाडी करून आले. अक्का नाही म्हणत होती, बरंच बोलणं झालं, मग ती गप्प बसली आणि पुतण्यांनी सामान भरलं. मी विचारलं, त्यांना कळवलं कोणी? ती गोंधळून माझ्याकडे बघू लागली. म्हणाली, तुमच्याच मुलाने ना, भाऊच सांगत होते.

मी तिला पुन्हा विचारलं. तिने सगळं सांगितलं, कारण तिच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. साधारण महिन्यापूर्वी यावलकडचा एक माणूस मोटारसायकलवरून आला होता. चांगला सुशिक्षित, नम्र. म्हणाला की धुळ्याहून पांढरी जुनी गाडी इथे येते ना, त्या माझ्या मित्राच्या आई, त्या कुणाकडे येतात ते मित्राला जाणून घ्यायचंय, काळजी वाटते. घरमालकिणीला त्यात वावगं काही वाटलं नाही. तिने सांगितलं की आमच्या सिस्टरकडे येतात, त्यांचा हात थरथरतो, या बिचाऱ्या त्यांना डॉक्टरकडे नेतात. त्या माणसाने ओट्यावर बसलेल्या अक्काला नमस्कारही केला होता.

मी गाडीत येऊन बसले. किल्ली फिरवली तसा स्क्रीन उजळला आणि त्यावर निळा बाण उभा राहिला, जिथे मी होते बरोबर तिथे. मी त्याच्याकडे बघत राहिले. आजवर मी समजत होते की तो बाण फक्त मलाच दिसतो.

दोंडाईचाला फोन लावला. भावाने उचलला. आवाज थंड. त्यांनी सांगितलं की अक्का झोपली आहे. मग म्हणाले की तुम्ही आम्हाला इतके महिने अंधारात ठेवलं, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, तुमचा मुलगा शहाणा म्हणून त्याने कळवलं.  त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

परतीच्या वाटेवर स्क्रीनमधली बाई बोलत होती. मी तिचा आवाज बंद केला. घरी न जाता सरळ पारोळा रोडच्या दुकानात गेले आणि दुकानदाराला म्हटलं, या गाडीत अजून काय बसवलंय ते मला दाखवा. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं. मग खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खाली मान घालून सांगितलं की काकू, तुमच्या मुलाने तेव्हा बजावलं होतं, आईला सांगू नका, उगीच घाबरेल. आजकाल खूप जण बसवतात, म्हाताऱ्या आईवडिलांच्या गाडीत, ड्रायव्हरच्या गाडीत. त्याने चौकट सैल केली आणि स्क्रीनच्या मागून काडेपेटीएवढी काळी डबी ओढून दाखवली. तिला स्वतःचं सिमकार्ड होतं. गाडी कुठे आहे, कुठे थांबली, किती वेळ थांबली, सगळं मुलाच्या फोनवर जायचं. सुनेच्याही. आणि मुलीच्याही, असं मागून कळलं. मला रिक्षाने घरी पाठवलं होतं, त्यानंतर ती बसवली होती. दुकानदाराला माहीत होतं, सुनेला माहीत होतं, यावलच्या मित्राला माहीत होतं. त्या गाडीत बसून चालवणारी तेवढी मी अनभिज्ञ होते.

मी डबी काढायला लावली. स्क्रीन राहू दिला, कारण तो काढला असता तर डॅशबोर्डला भगदाड उरलं असतं.

मुलाला फोनवर एवढंच सांगितलं की ये. तो रविवारी सकाळी आला. त्याला कळलं होतं, कारण डबीचा सिग्नल बंद झाला होता. मी चहा केला, त्याच्यापुढे ठेवला आणि ती डबी टेबलावर ठेवली. त्याने ती नाकारली नाही. बराच वेळ तो समजावत होता. तू एकटी, एवढ्या लांबचा हायवे, जुनी गाडी, उद्या कुठे काही झालं तर आम्हाला कळायला नको का. तू जळगाव सांगायचीस आणि गाडी फैजपूरला उभी दिसायची, आम्ही काय समजायचं. तुला कोणी फसवत असेल, कुणाच्या नादी लागली असशील, नाना विचार आले. मग मित्राकडून कळलं की मावशी आहे, आणि तीही आजारी, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मी विचारलं, "तेव्हा मला फोन का नाही केलास?"

तो म्हणाला, "तू खोटं सांगितलं असतंस."

"हो, सांगितलं असतं," मी म्हटलं. "ते माझं नव्हतं, तिचं होतं. तिने माझ्याकडे ठेवायला दिलं होतं."

त्याने मान हलवली, पण मला दिसत होतं की त्याला ते कळत नाहीये. मी विचारलं की भावाला का कळवलंस. यावर मात्र त्याच्याकडे स्पष्ट उत्तर होतं. त्याने ठरवून, विचार करून कळवलं होतं. म्हणाला, तिची स्वतःची माणसं असताना तुझ्या वयाच्या बाईने दीडशे किलोमीटर गाडी हाकत जाऊन तिची सेवा का करायची? तुला कोण बघणार? मी फक्त तुझ्यावरचं ओझं कमी केलं.

"ओझं," मी म्हटलं.  विषमज्वरात हाच मुलगा बरळत असताना त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलेली अक्का मला दिसत होती. त्या वेळी तिला कोणी विचारलं नव्हतं की तुझं काय नातं. मी त्याला ते बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तो रडला असता, मग मी त्याला जवळ घेतलं असतं, आणि सगळं मिटलं असतं. मला ते मिटायला नको होतं.

तो जेवून गेला. जाताना म्हणाला, "आई, मी वाईट हेतूने नाही केलं." ते मला माहीत होतं. त्याचा हेतू वाईट असता तर मला रागावायला तरी जागा मिळाली असती.

दोंडाईचाला जायचा धीर व्हायला मला एक आठवडा लागला. सोनगीर, चिमठाणे करत गेले. अक्काच्या भावाचं घर मोठं आहे, अंगण सारवलेलं, दारात ट्रॅक्टर. वहिनींनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या. भाऊ येऊन बसले, पुन्हा तेच बोलले, पण या वेळी सौम्यपणे. त्यांचं घर वाईट नाही. अक्काला त्यांनी मागच्या खोलीत ठेवलं होतं, स्वच्छ गादी, पंखा, खिडकीशी पाण्याचा तांब्या. औषधं वेळेवर. मी गेले तेव्हा वहिनी तिला चमच्याने वरणभात भरवत होत्या. फैजपूरला ती स्वतःच्या हाताने जेवायची, सांडायचं थोडं, पण जेवायची. वहिनींच्या हातात चमचा आणि अक्काचं तोंड उघडं, एवढं बघितलं आणि मी दाराशीच थांबले.

वहिनी गेल्यावर अक्काने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या नव्या पेशंटकडे आधी नीट बघतात, तसं. मग विचारलं, "तूच सांगं ना त्यासले?"

भावाला मीच कळवलं, असं तिला वाटत होतं. मी तिला सगळं सांगितलं. रस्ता चुकले ते, स्क्रीन, डबी, यावलचा माणूस, मुलाचा फोन. काहीच लपवलं नाही. मी बोलत असताना तिचा अंगठा बोटावर सारखा फिरत होता. तिने सगळं ऐकून घेतलं. ती बाई आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांचं सांगणं ऐकत आली होती, कोण खरं बोलतंय ते तिला आवाजावरून कळायचं, आणि मी खरं बोलतेय हेही तिला कळलं असणार. तरी ती म्हणाली, "तुना पोऱ्यानी सांगं, म्हंजे तूच सांगं."

मी म्हटलं, "अक्का, मला माहीत असतं तर मी ती गाडी चालवली असती का?"

 तिने खिडकीकडे बघून पाणी मागितलं. मी तांब्या तोंडाशी धरला, तेव्हा तिने माझा हात बाजूला केला, दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि स्वतः प्यायली. निम्मं पाणी पदरावर सांडलं. तिने ते पुसलं नाही आणि मलाही पुसू दिलं नाही.

परत येताना चिमठाण्याच्या पुढे मी गाडी थांबवली आणि तिथेच बसून रडले. मला दोघांचाही राग येत नव्हता. मुलाने माझ्यावरच्या प्रेमापोटी मला फसवलं होतं, आणि अक्काला वाटत होतं की मी तिला फसवलं. मी मध्ये उभी होते आणि दोघांनाही मला काही म्हणता येत नव्हतं.

मुलाने पुढे खटपट केली, हे सांगायलाच हवं. मावशीला पुन्हा फैजपूरला नेऊ, मी तिच्या भावाशी बोलतो, म्हणाला. खरोखर बोललाही. पण भावाने साफ नकार दिला, आणि घरमालकिणीने तोवर त्या दोन खोल्या केळी व्यापाऱ्याच्या मुनिमाला दिल्या होत्या. मुलगीही नाशिकहून येऊन गेली, माझ्यापाशी बसून खूप रडली, म्हणाली, दादाने सांगितलं म्हणून मी गप्प राहिले. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. माझा हात तिच्या पाठीवर होता, पण मनात मी मोजत होते की किती वेळा तिने मला फोनवर विचारलं होतं, आई, कुठे आहेस, आणि तिला ते आधीच ठाऊक होतं.

आता मी मुलांशी बोलते. दर रविवारी मुलाचा फोन येतो. तब्येत, औषधं, पाऊसपाणी, सुनेची बदली, नातीची परीक्षा. मी कुठे गेले होते ते तो विचारत नाही आणि मीही सांगत नाही. दिवाळीला सगळे आले, करंज्या झाल्या, फोटो काढले. तो फोटो कोणी बघितला तर म्हणेल, किती सुखी घर आहे.

दोंडाईचाला मी अजूनही जाते, जमेल तसं. अक्का माझ्याशी बोलते. गावातल्या लग्नांबद्दल, पुतण्याच्या मुलीबद्दल, कापसाच्या भावाबद्दल. मध्येच दवाखान्यातली एखादी जुनी गंमत काढते आणि आम्ही हसतोही. भाऊ आता मला वहिनींबरोबर आत बसू देतात, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. पण रात्री झोप लागते का, गोळीचा असर किती वेळ टिकतो, पाय अडखळतो का, हे मी विचारलं की ती म्हणते, बरं शे. फैजपूरला तिने मला हे सगळं न विचारता सांगितलं असतं.

मागच्या खेपेला निघताना वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या की अक्का आठ दिवसांपूर्वी न्हाणीत पडली, कपाळाला टाके पडले, तुम्ही बघितले असतीलच. मी बघितले नव्हते. दुपारभर मी तिच्यासमोर बसले होते, आणि तिने पदर कपाळावर ओढून घेतला होता.